बोलून टंकताना स्वल्पविराम सांगायचा कसा?

आंबोळी
मंडळी, मदत हवी आहे. जानेवारीत न्हाणीघरात घसरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण बोटं अजून आखडलेली आहेत. चार ओळी टंकल्या की कळ थेट खांद्यापर्यंत जाते. माहेरच्या आठवणी लिहायला घेतल्या होत्या, त्या अर्ध्यावरच राहिल्यात. म्हणून नातवाने फोनच्या कीबोर्डवरचा माईक दाखवला. बोलते ते बऱ्यापैकी उमटतं. 'पडवी', 'माजघर', 'कुळीथ' सगळं आलं. 'वायंगण'चं एकदा 'वांगं' झालं, तेवढं चालायचंच.

घोडं अडलंय विरामचिन्हांपाशी. मी म्हणते 'स्वल्पविराम', तो लिहितो स्वल्पविराम. अक्षरी. कालचा मजकूर जसाच्या तसा देते:

"आबा ओसरीवर आले पूर्णविराम कंदील खाली ठेवला स्वल्प विराम आणि म्हणाले अवतरण चिन्ह सुरू कोण आलंय प्रश्नचिन्ह"

पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. दुसरीला श्रुतलेखन घालताना दर वर्षी एक तरी पोर निघायचंच, 'पूर्णविराम' असं सबंध अक्षरांत लिहिणारं. एकाने तर 'पुढची ओळ' हेही लिहून काढलं होतं. त्याला फळ्याशी बोलावून टिंब काढून दाखवलं की दुसऱ्या दिवसापासून जमायचं. या फोनला कुठल्या फळ्याशी बोलावू?

उगाचच
ताई, कंसाबद्दल काही विचारलं नाहीत. मी परवा 'कंस सुरू' म्हटलं तर पुढचा शब्द त्याने आपणहून 'मामा' सुचवला.

आंबोळी
हसताना मनगट दुखतं हो.

कीबोर्ड_मोडला
आंबोळीताई, मी पुण्यात प्रोग्रॅमिंग करतो. दोन्ही मनगटांचं दुखणं सहा वर्षं सांभाळतोय, त्यामुळे हे सगळं भोगून झालंय. चूक तुमची नाही.

या यंत्रांच्या शब्दसाठ्यात एकेका नोंदीला दोन रूपं देता येतात, एक बोलायचं आणि एक लिहायचं. ड्रॅगन नावाचा इंग्रजीचा जुना प्रोग्रॅम आहे (न थांबता सलग बोलता येईल अशी त्याची आवृत्ती १९९७ साली आली), त्यात ही यादी उघडून बघता येते. बोलायचं रूप 'कॉमा', लिहायचं रूप नुसतं ते चिन्ह. अशी जोडी कुणीतरी बसून भरलेली असली तरच चिन्ह उमटतं. नसेल तर यंत्राच्या लेखी 'स्वल्पविराम' हा 'भाकरी'सारखाच एक शब्द. गूगलने बोलून टंकायच्या सोयीत मराठी आणली ती ऑगस्ट २०१७ मध्ये. पण डॉक्समधल्या व्हॉइस टायपिंगचं मदतपान मी पाहिलं तेव्हा बोलून चिन्हं देण्याची सोय सहाच भाषांना होती: इंग्रजी, जर्मन, स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, रशियन.

तेव्हा त्याला शिकवायचा नाद सोडा. त्याला जे नीट लिहिता येतं तेच बोला आणि मागाहून बदला. म्हणजे चिन्हाच्या जागी एक ठरावीक शब्द बोलायचा आणि मजकूर पूर्ण झाला की कंट्रोल-एच दाबून 'शोधा आणि बदला'मध्ये तो शब्द देऊन त्याजागी चिन्ह घालायचं.

आंबोळी
मग 'स्वल्पविराम' हाच शब्द शोधून बदलला तर? आत्ता तोच तर उमटतोय.

कीबोर्ड_मोडला
तुमच्याच नमुन्यात बघा. एकदा 'पूर्णविराम' जोडून आलाय, एकदा 'स्वल्प विराम' तोडून. पुढे 'अल्पविराम'ही येईल, तो हिंदीतला. एका चिन्हासाठी चार-पाच वेळा बदलाबदली करत बसाल आणि तरी एखादं राहील. शिवाय एका वाक्यात दोनदा 'स्वल्पविराम' म्हणून बघा. पाच अक्षरं, त्यात 'स्व' आणि 'ल्प'. दहा मिनिटांत जीभ दमते.

लघुलिपी
मंत्रालयात लघुलेखक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. आमच्याकडे उच्चश्रेणीला मिनिटाला १२० शब्दांचा वेग लागायचा. एवढ्या वेगात कुठलाही साहेब चिन्हं सांगत नाही. ती आम्हीच घालायचो. साहेब श्वास घेतात कुठे, आवाज खाली येतो कुठे, चष्मा काढून खिडकीबाहेर बघतात कुठे, यावरून. एक साहेब मात्र मराठी पत्रातही 'कॉमा', 'फुलस्टॉप', 'नवा पॅरा' असं खणखणीत सांगायचे आणि नेमके चुकीच्या जागी सांगायचे. त्यांचे कॉमा आम्ही मान डोलावून ऐकायचो आणि टंकताना गाळायचो. वीस वर्षांत त्यांच्या ध्यानात आलं नाही.

अवांतर: पिटमनच्या लघुलिपीत पूर्णविराम म्हणजे बारीकशी फुली. टिंब स्वरांच्या खुणांमध्ये आधीच खर्ची पडलेलं, म्हणून. तिथेही चिन्हाच्या जागी भलतंच काहीतरी ठेवायची युक्ती जुनीच आहे म्हणायची.

टाकबोरू
अवांतरात भर घालतो. मराठीला ही चिन्हं तशी अलीकडचीच. मोडी कागद बघा: आधी आडवी रेघ ओढायची आणि तिला लटकवत अक्षरं लिहीत सुटायचं. दोन शब्दांत जागासुद्धा नाही, चिन्हं कुठली. पोथ्यांमध्ये दंड असायचे, एकेरी नाहीतर दुहेरी. बाकीचा सगळा इंग्रजी सरंजाम छापखान्याबरोबर आला. मोल्सवर्थच्या कोशकामातले मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली मराठी विरामचिन्हांवर पुस्तिका काढली. लोकांना तेव्हाही टिंब कुठे द्यायचं हे समजावून सांगावंच लागलं होतं.

उगाचच
म्हणजे आंबोळीताईंचा फोन मोडी लिहितोय. एवढा गदारोळ कशाला, मोडी वाचायला शिका सगळे.

कानसेन
माझी गोष्ट थोडी वेगळी आहे. मला दिसत नाही. मी बोलून लिहितो आणि ऐकून तपासतो. लिहिलेलं वाचून दाखवायला एनव्हीडीए वापरतो. त्यात चिन्हं किती वाचायची हे ठरवता येतं: अजिबात नाही, काही, बहुतेक, सगळी. एनव्हीडीएची कळ आणि पी दाबलं की पातळी बदलते. एरवी मी 'काही'वर ठेवतो, शेवटचा हात फिरवताना 'सगळी'वर. तेव्हा मजकूर ऐकणं म्हणजे शिक्षा असते, पण राहिलेला स्वल्पविराम सापडतो.

तुमच्या या 'शोधा आणि बदला'मध्ये एक खड्डा आहे, तो आधीच सांगून ठेवतो. विसर्ग आणि अपूर्णविराम डोळ्यांना सारखेच दिसतात म्हणे. दोन टिंबं, एकावर एक. संगणकाला ते दोन वेगळे वर्ण. पुष्कळ लोक 'दु:ख' लिहिताना विसर्गाच्या जागी इंग्रजी कीबोर्डवरचा कोलन मारतात. डोळसांना पत्ता लागत नाही. मला 'दु कोलन ख' असं ऐकू येतं आणि दुःखाचा प्रसंग असला तरी हसू फुटतं. तेव्हा मजकुरातले सगळे कोलन एकदम बदलायला जाऊ नका. 'अंतःकरण', 'स्वतः' यांच्या पोटात कुणीतरी तो घातलेला असतो.

आंबोळी
कानसेन, हे मला या वयात नव्याने कळलं. माझ्या मजकुरात शोधलं. 'स्वत:' अकरा वेळा, अकराही कोलनवाले. हाताने टंकलेल्या भागातले हो. माईकने टाकलेले विसर्ग खरे निघाले! फोनला एक मार्क दिला.

क्षकिरण
नागपूरहून. रेडिओलॉजिस्ट आहे, दिवसभर इंग्रजीत रिपोर्ट बोलतो. आमच्याकडे उलटा घोळ. तिथे चिन्हं नको तिथे उमटतात. मोठ्या आतड्याला इंग्रजीत कोलन म्हणतात. नवा प्रोग्रॅम बसवला त्या आठवड्यात एका पेशंटच्या रिपोर्टमध्ये आतडं गायब आणि त्या जागी दोन टिंबं. स्त्रीरोगवाल्या मॅडमचं तर विचारूच नका. त्या 'पीरियड' म्हणाल्या की प्रोग्रॅम तो पूर्णविराम समजायचा आणि वाक्यच संपायचं. आता प्रोग्रॅम आजूबाजूचे शब्द बघून बरंचसं ओळखतो, पण सही करण्याआधी 'कोलन' नजरेने शोधायची सवय लागली ती लागलीच.

म्हणून मोडलेसाहेबांना माझा दुजोरा. चिन्हासाठी असा शब्द घ्या जो तुमच्या मजकुरात एरवी कधीच येणार नाही.

कीबोर्ड_मोडला
+१. आणि तो मनाने बनवलेला नको. 'टुंबक' म्हणालात तर यंत्र जवळचा खरा शब्द शोधून 'ठुमका' लिहील. शब्द रोजच्या वापरातला हवा, पण तुमच्या विषयातला नको. फार आखूड नको, फार लांबही नको. आणि एकाच पद्धतीने लिहिला जाणारा हवा.

बोलून प्रोग्रॅम लिहिणारे लोक हेच करतात. २०१३ च्या पायकॉन या पायथन प्रोग्रॅमरांच्या परिषदेत टॅव्हिस रड यांनी बोलून कोड लिहून दाखवला होता, तो बघून मी या वाटेला लागलो. मी आता टॅलन नावाचा, आवाजावर चालणारा प्रोग्रॅम वापरतो. त्यात इंग्रजी मुळाक्षरांनाही एकेक आखूड नाव आहे: एअर, बॅट, कॅप, ड्रम. ऐकणाऱ्याला वाटतं माणूस खुळावला. आई पहिल्या दिवशी दारात येऊन उभी राहिली होती.

नवंकोरं
एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? नव्या प्रोग्रॅमना चिन्हं सांगावीच लागत नाहीत, ते आपणहून घालतात. ओपनएआयचं व्हिस्पर सप्टेंबर २०२२ मध्ये आलं, त्यात मराठीही आहे. आवाज रेकॉर्ड करा, फाइल द्या, चिन्हांसकट मजकूर घ्या.

आंबोळी
नातवाने कालच असला एक प्रोग्रॅम लावून दिला. नाव सांगत नाही, उगाच कुणाला बोल नको. अर्धा तास बोलले. स्वल्पविराम बरे पडले होते, नाही असं नाही. पण हे बघा:

मी बोलले: "जे घरी आहे त्यातच आई सण साजरा करायची."
आलं: "जे घरी आहे. त्यातच आई सण साजरा करायची."

'आहे' ऐकलं की त्याला वाटतं वाक्य संपलं. मराठीत क्रियापद शेवटी येतं हे बिचाऱ्याने बरोबर हेरलंय, पण 'आहे'नंतरही वाक्य चालू राहतं हे त्याला ठाऊक नाही. दुसरं:

"तो कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही" याच्या शेवटी प्रश्नचिन्ह. 'कुठे' आलं ना मध्ये! आणि आजी परड्यातून ओरडायची, "काय पाऊस पडतोय", तिथेही प्रश्नचिन्ह. म्हणजे आजी पावसाची चौकशी करतेय. उलट आबांचं "जेवलास?", नुसत्या सुरातलं, त्यात ना 'का' ना 'काय'. तिथे पूर्णविराम. आबा विचारत नाहीत, माहिती देताहेत.

चूक सुधारायला मला माऊस धरावा लागतो, आणि तेच तर जमत नाही. न घातलेलं चिन्ह घालणं सोपं. चुकीचं घातलेलं शोधून काढायला सगळं पहिल्यापासून वाचावं लागतं.

लघुलिपी
साहेबांचा कॉमा!

नवंकोरं
पावसाचं मान्य. आजीच्या पावसाला हरलो.

आंबोळी
ठरलं मग. मोडलेभाऊंचा मार्ग. शब्द निवडायला बसले, नातू परीक्षक. अट अशी की देवगडकडच्या आठवणीत न येणारे शब्द हवेत, म्हणजे फळं-झाडं-मासे बाद. मग प्राण्यांवर आलो. 'हत्ती' मी नको म्हटलं. दोडामार्गाकडे खरेच हत्ती येतात, कधी लिहावं लागेल सांगता येत नाही. वाघ, बिबट्या, कासव त्याच कारणाने बाद. उरले ते बहुतेक परदेशी.

प्रत्येक शब्द दहा-दहा वेळा बोलून पाहिला. 'शहामृग' तीनदा 'शहा मृग' आला, जणू आमच्या सोसायटीतले शहा. 'पेंग्विन' कधी ऱ्हस्व तर कधी दीर्घ. 'उंट'चं 'उठ' झालं. 'मगर'चं दहातून सहा वेळा 'नगर'. 'डायनासोर' दोन तऱ्हांनी. उत्तीर्ण झाले ते असे: स्वल्पविरामाला जिराफ, पूर्णविरामाला कांगारू, प्रश्नचिन्हाला झेब्रा, अवतरण उघडायला गोरिला, मिटायला ऑक्टोपस आणि नव्या परिच्छेदाला ज्वालामुखी. उद्गारचिन्ह मी फारसं वापरत नाही. शाळेत निबंध तपासून तपासून वीट आलाय त्याचा.

आता तीच ओळ:

"आबा ओसरीवर आले कांगारू कंदील खाली ठेवला आणि म्हणाले जिराफ गोरिला कोण आलंय झेब्रा ऑक्टोपस ज्वालामुखी"

उगाचच
ह.ह.पु.वा. (हसून हसून पुरेवाट). कंदील ठेवल्यावर अंगणात एवढे सगळे दिसले तर कोणीही विचारेल, कोण आलंय.

कीबोर्ड_मोडला
झकास. आता बदलताना मोकळ्या जागा सांभाळा, नाहीतर 'आले .' असं टिंब लांब जाऊन पडेल. 'शोधा'च्या खान्यात आधी एक मोकळी जागा आणि मग 'जिराफ' द्या, 'बदला'त नुसता स्वल्पविराम. कांगारू, झेब्रा आणि ऑक्टोपसचंही तसंच. गोरिलाचं मात्र उलट, मोकळी जागा त्याच्यानंतर, कारण तो पुढच्या शब्दाला चिकटायचाय.

ज्वालामुखी शेवटी ठेवा. वर्डमध्ये 'बदला'च्या खान्यात सहाच्या डोक्यावरचं टोपीसारखं चिन्ह आणि लगेच इंग्रजी छोटा पी, म्हणजे नवा परिच्छेद. लिबरऑफिस असेल तर 'रेग्युलर एक्स्प्रेशन्स'वर खूण करून उलटी तिरपी रेघ आणि एन.

आंबोळी
झालं! एकवीस पानांचा मजकूर, सहा वेळा बदलाबदली, पाच मिनिटं.

आबा ओसरीवर आले. कंदील खाली ठेवला आणि म्हणाले, "कोण आलंय?"

दोन दिवसांत सवय झाली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे 'दुखतं का' विचारलं तर 'थोडं' म्हणून पुढे ओठांवर जिराफ आला होता, गिळला.

ओवीवाली
मी आजीच्या जात्यावरच्या ओव्या उतरवतेय. दंडाला काय म्हणू? 'खांब' ठेवून पाहिला. एक खांब ठीक उमटतो, पण 'दोन खांब' म्हटलं की '2 खांब' येतं, आकडा तोही इंग्रजी.

कीबोर्ड_मोडला
आकडा टाळा, दुहेरीला वेगळाच शब्द द्या. आणि दंड म्हणून इंग्रजीतली उभी रेघ घालू नका. देवनागरीत एकेरी आणि दुहेरी दोन्ही दंड वेगळे वर्ण आहेत, एकदा चिकटवून ठेवले की झालं. आकड्यांसाठी शेवटी दहा वेळा बदलाबदली, 0 ते 9 ची ० ते ९.

कानसेन
ओवीवाली, सगळं झालं की मला पाठवाल? चिन्हं 'अजिबात नाही'वर ठेवून ऐकेन.

आंबोळी
मंडळी, आठवड्याने परत आले. एक गंमत झालीय, रागवू नका.

काल शाळेचं प्रकरण सांगून झालं. पाचवीचा वर्ग, कौलातून गळणारं पाणी, आणि भिंतीवर मुंबईहून आलेला इंग्रजी मुळाक्षरांचा रंगीत तक्ता. तो तक्ता माझ्या डोळ्यांसमोर अजून लख्ख आहे, म्हणून त्यावरचं एकूण एक चित्र सांगितलं. मग नेहमीप्रमाणे बदलाबदली केली आणि वाचायला घेतलं:

"कांदळगावकर गुरुजी छडीने दाखवत, जी म्हणजे, के म्हणजे. ओ म्हणजे" झेड म्हणजे? आणि आम्ही पोरं एका सुरात म्हणत असू. त्यातल्या,ाची मान तर खिळ्याच्या वर गेली होती."

आता कळलं हे प्राणी माझ्या डोक्यात इतके पटकन कुठून आले ते. साठ वर्षांपूर्वीच्या त्या तक्त्यावरून उतरले होते. व्ही म्हणजे ज्वालामुखी, तिथे नवा परिच्छेद सुरू झालाय.

मूळ मजकूर जपून ठेवलेला नाही. फोनमधूनही पुसला.

कीबोर्ड_मोडला
आधी फाइलची प्रत काढून ठेवा हे सांगायचं राहिलंच माझ्याकडून. चूक माझी. कंट्रोल-झेड चालतंय का बघा.

उगाचच
झेड म्हणजे प्रश्नचिन्ह.